एक्स-रे कुठल्या बाजूनं बघायचा

फेब्रुवारीचा दुसरा रविवार

तीर्थस्वरूप एमिलकाका,

तुमच्या पायांना, दवाखान्यातल्या हिरव्या बाकाला आणि बाकाखाली घोरणाऱ्या बुस्टरला माझा मनापासून नमस्कार. (बुस्टरला वेगळा सांगा. गेल्या खेपेला मी त्या कुत्र्यालाही न भेटता निघून आले.)

पाकीट बघून तुम्ही म्हणाल, "हिचा फोन मोडला वाटतं." फोन धडधाकट आहे. पण फोनवर तुमची दोनच वाक्यं असतात, "आम्ही मजेत" आणि "थांब, काकूला देतो", आणि मला जे सांगायचंय ते या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत मावत नाही. शिवाय थँक्सगिव्हिंगच्या जेवणापासून आपण धड बोललेलो नाही. अकरा आठवडे झाले. नाताळात मी ड्यूटीचं कारण सांगितलं ते निम्मं खरं होतं. ड्यूटी मी मागून घेतली होती. चूक माझी होती. हे वाक्य पहिल्याच पानावर लिहून टाकते, कारण पुढे मी इतके फाटे फोडणार आहे की ते राहूनच जायचं.

आता प्रकृतीची चौकशी. इथे 'आपली प्रकृती उत्तम असेलच' असं लिहून पुढे जायची पद्धत आहे, पण मी तसं लिहिणार नाही. मी विचारणार आहे. गळ्याजवळचं बटण तुम्ही स्वतः लावता का? जुडग्यातली दवाखान्याची किल्ली पहिल्या झटक्यात हाताशी येते, की हल्ली सगळ्या किल्ल्या एकसारख्या लागतात? तळघराचा जिना उतरताना भिंत धरावी लागते का? शुक्रवारी पत्ते पिसताना ते हातातून निसटतात का, आणि निसटले की तुम्ही "पत्तेच गुळगुळीत झालेत" असं म्हणता का? चिडू नका. ही चौकशी आहे की पोलिसांचा जबाब, असं तुम्ही काकूला म्हणणार हे मला ठाऊक आहे. पण उत्तरं मनातल्या मनात देऊन ठेवा, पुढे लागतील.

मी जुलैत इकडे यायला निघाले तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये, गोड कोलाच-पावांची थाळी हातात घेऊन, तुम्ही निम्म्या गावासमोर म्हणाला होतात, "आपल्या घरातली माणसं हॉस्पिटलात मरायला जातात. ही पहिलीच, शिकायला निघालीय." लोक हसले, मीही हसले, आणि गाडीत बसल्यावर रडले. तुमचा प्रश्न चुकीचा नव्हता. पदवी झाली, परवाना मिळाला, आजोबांनी घातलेला दवाखाना गिऱ्हाइकांसकट तयार, मग माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात आणखी एक वर्ष रेसिडेन्सी कशाला? मी तेव्हा सांगितलं की इतर डॉक्टरांच्या शेजारी बसून काम शिकायचंय. खरं कारण आज लिहिते. मला, मणके बसवणारीला, 'डॉक्टर' म्हणताना समोरच्याच्या ओठांच्या कोपऱ्यात जे बारीक हसू येतं ना, ते मला पुसायचं होतं. तुम्ही पन्नास वर्षं त्या हसण्याकडे बघितलं नाहीत. मला एक वर्षही जमलं नाही.

तर हॉस्पिटल. मला जी खोली मिळाली ती आधी चादरी ठेवायची होती. दारावर माझ्या नावाची पाटी आहे, पण तिथल्या परिचारिकांच्या हातांना जुनी सवय आहे, त्यामुळे दिवसातून तीनदा कुणीतरी न ठोठावता आत येतं, बाकावर पालथ्या पडलेल्या माणसाकडे बघतं आणि विचारतं, "उशांचे अभ्रे कुठे हलवले हो?" (आता मला माहीत आहे. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टसमोर. या हॉस्पिटलात माझ्याइतकं अचूक ते कुणीच सांगू शकत नाही.) माझे शिक्षक डॉ. टिबेट्स. तेही आपल्यातलेच, मणके बसवणारे, वीस वर्षं इथे आहेत आणि इतकं हळू बोलतात की ऐकायला मान पुढे करावी लागते आणि मग आपलीच मान धरते. त्यांनी पहिले पंधरा दिवस मला एकाही पाठीला हात लावू दिला नाही. "बघ, ऐक, लिही," एवढंच. मला! जिनं बाराव्या वर्षी तुमच्या देखरेखीखाली बुस्टरच्या आजीची कंबर बसवली होती!

आणि लिहायचं तरी किती! तुमच्या कार्डावर 'हेलन. कंबर. बरी.' एवढ्यात माणूस घरी जातो. इथे एका कंबरेला चार पानं. दुखतं कुठे हे सगळे विचारतात, पण घरात कुणाशी बोलणं होतं का, झोप लागते का, बंदूक कुठे ठेवता, जगावंसं वाटतं का, हेही विचारायचं. पहिल्यांदा विचारताना मी मान खाली घालून घाईघाईनं वाचलं आणि समोरचा सत्तरीचा गृहस्थ म्हणाला, "पोरी, शेवटचा प्रश्न परत विचार. मला कुणी विचारलाच नव्हता." त्या दिवशी त्याची कंबर बसवायची राहून गेली. डॉ. टिबेट्सनी वहीत बघितलं आणि म्हणाले, "चांगलं काम झालं." मला वाटलं टोमणा मारताहेत. त्यांना टोमणा मारता येत नाही हे कळायला मला दोन महिने लागले.

आता एक्स-रेची गोष्ट. ऑगस्टात आठवड्याची बैठक होती. हाडांचे डॉक्टर, मेंदूचे डॉक्टर, व्यायाम शिकवणारे, सगळे बसलेले, आणि एक्स-रे वाचणाऱ्या डॉ. ओयेलारान. लहानखुऱ्या बाई, पण त्यांनी चष्मा कपाळावर चढवला की हाडांचे डॉक्टरसुद्धा पाय जवळ घेतात. पडद्यावर एका माणसाच्या पाठीचं चित्र आलं आणि मी, जिला कुणीही काही विचारलं नव्हतं, उठले आणि म्हणाले, "अहवालात बाजू उलटी लिहिलीय." पुढे जाऊन डाव्या बाजूची झीज कुठे आहे ते काठीनं दाखवलं. झीज उजवीकडे होती. मी छातीठोकपणे आणखी पाच मिनिटं डावीकडे बोलत राहिले. मग डॉ. ओयेलारान म्हणाल्या, "बाळ, तू पेशंटच्या पाठीमागे उभी आहेस. आम्ही सगळे त्याच्या तोंडासमोर उभे आहोत. इकडे ये."

काका, मला शपथेवर माहीत नव्हतं की जगात दुसरी बाजूही आहे. म्हणजे, कॉलेजात सांगितलं असेल. पण तुमच्या दवाखान्यातल्या आतून उजळणाऱ्या काचेच्या पेटीवर मी चार वर्षांची असल्यापासून जे एक्स-रे बघितले ते सगळे पाठीकडून. आपला हात जिथे पडणार तिथून बघायचं, उजवा हात तो उजवा, डावा तो डावा, हिशेब सरळ. आजोबांनी तसं लावलं, तुम्ही तसं लावलंत. आपल्या घरात माणसं पाठीवरून ओळखतात. तुम्हाला पाद्र्याचं नाव आठवत नाही पण त्याचा चौथा मणका आठवतो. याची मला आजही लाज वाटत नाही. लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची.

कारण ती फजिती मी गिळून गप्प बसले नाही. मी ती घरी घेऊन आले आणि तुमच्या ताटात वाढली.

थँक्सगिव्हिंगला आपला जो रिवाज आहे तो मी इथे डॉ. टिबेट्सना सांगितला तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. टर्की ओव्हनमधून बाहेर आली की ती थंडावेपर्यंत सगळं घराणं वयानुसार हिरव्या बाकावर पालथं पडतं, धाकट्यापासून सुरुवात, आणि तुम्ही एकेकाला बसवत जाता. सगळ्यांत शेवटी तुम्ही स्वतः झोपता आणि तुम्हाला बसवायचा मान ज्याला मिळतो तो वारसदार, हे न बोलता सगळ्यांना कळतं. सोळा वर्षं तो मान स्टॅनदादाचा होता. या वर्षी तुम्ही बाकावर बसलात आणि म्हणालात, "ब्री, ये. बघू हॉस्पिटलनं हात बिघडवले का." स्टॅनदादाचा चेहरा पडला, काकूनं डोळे पुसले, आणि मी बाह्या सरसावल्या.

त्या दिवसाचं सगळं आता मला बारकाव्यानिशी आठवतं, आणि बारकावेच नको आहेत. सकाळी ग्रेव्हीचं भांडं तुमच्या हातातून सुटलं आणि आजीच्या टेबलक्लॉथवर ओघळ गेला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, जेवणाआधीच चढवली वाटतं?" सगळे खो खो हसले. तुम्ही बिअरला हातही लावला नव्हता. स्वेटरची बटणं एक घर चुकून लागली होती. मी लहान पोरांना दाखवलं आणि तेही हसले. अंगणातून आत येताना तुम्ही पाय जरा फाकवून टाकत होतात, डोलणाऱ्या होडीतून चालल्यासारखे. मी म्हणाले, "नवे बूट चावतात का?" एवढं सगळं मी बघितलं, प्रत्येकावर एकेक विनोद केला, आणि मग तुम्हाला बाकावर घेऊन तुमच्या मागे उभी राहिले आणि चाळीस डोळ्यांदेखत तुमची मान एका झटक्यात बसवली. कट्ट असा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. टाळ्या पडल्या. मी वाकून सलाम केला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. जेवताना तुम्ही कुणाच्या तरी कंबरेचा एक्स-रे समजावून सांगत होतात आणि मी काटा खाली ठेवून म्हणाले, "काका, तुम्ही पन्नास वर्षं एक्स-रे उलटा लावताय. सगळं जग समोरून बघतं." तुम्ही ताटातलं भोपळ्याचं पक्वान्न अर्धं ठेवून उठलात आणि दवाखान्यात जाऊन बसलात. दाराखालून पेटीचा पांढरा उजेड दिसत होता. मी आत यायला हवं होतं. मी भांडी घासली, खूप जोरजोरात घासली, आणि निघाले.

आता जानेवारी. मला मेंदूच्या डॉक्टरांच्या विभागात महिनाभर बसायचं होतं, आणि त्याच महिन्यात माझ्या चादरींच्या खोलीत रॉस्को टिलमन आले. सैन्यात रणगाडे चालवले, मग तीस वर्षं शाळेची बस. (ते म्हणतात रणगाडा बरा, त्यात मागून कुणी खडू मारत नाही.) खांदा आणि मान दुखते. बाकावर बसता बसता सुरू, "अगं डॉक्टरीणबाई, गप्पा पुरे कर. माझी बायको चाळीस वर्षं माझी मान मुरगाळीन म्हणतेय, तिच्याच्यानं झालं नाही. तू तरी मुरगाळ एकदाची!" मला त्यांचा आवाज तुमच्यासारखा वाटला म्हणून म्हणा, की मला ती टाळ्यांची आठवण होती म्हणून म्हणा, मी मागे गेले, मणके चाचपले, अगदी मन लावून चाचपले, आणि दोन्ही हात जागेवर ठेवले. तेवढ्यात दारातून डॉ. टिबेट्स नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "ब्रीना, यांना समोरून बघितलंस?"

मी समोर आले. शर्टाची बटणं एक घर चुकून लागली होती.

डॉ. टिबेट्सनी त्यांना सगळी बटणं काढून परत लावायला सांगितली. तिसऱ्या बटणाला टिलमन म्हणाले, "हे हल्लीचे शर्टच असले!" त्यांच्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली तर अंगठा आपोआप आत वळला, तसा वळू नये. सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं तर होडीतून चालल्यासारखे चालले. त्यांच्या मानेत मज्जारज्जू आवळला गेला होता. अशा मानेला झटका द्यायचा नसतो, काका. कधीच नाही. माझे हात तिथे ठेवलेले होते. चित्र काढलं, ते डॉ. ओयेलारान यांनी मला समोरून दाखवलं, आणि दहा दिवसांत शस्त्रक्रिया झाली. आता ते ठीक आहेत. बटणं हळूहळू लागतात आणि बायको म्हणते, लावता येतात तर तुटलेली शिवायलाही शीक. शस्त्रक्रिया करणारे म्हणाले, गेलेलं सगळं परत येतंच असं नाही, पण जायचं थांबतं, म्हणून उशीर करायचा नाही. बैठकीत माझं कौतुक झालं, कारण कागदावर वेळेवर ओळखणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं. मी थँक्यू म्हणाले, खोलीत आले, दार लावलं आणि ग्रेव्हीच्या भांड्यासाठी रडले. मधेच एक बाई अभ्रे शोधत आल्या. त्यांनी मला एक अभ्राच दिला, नाक पुसायला.

तर हे सगळं असं आहे. मला तुमची काळजी वाटते. मी तुमच्यावर हसले आणि मग, जे करायला नको होतं ते, टाळ्या मिळाव्यात म्हणून केलं. देवाच्या कृपेनं त्या दिवशी काही झालं नाही. ती देवाची कृपा होती, माझी विद्या नव्हती. एक्स-रे तुम्ही उलटा लावत नाही. तुम्ही पाठीकडून बघता, एवढंच. मी मात्र तुम्हाला कुठल्याच बाजूनं बघितलं नाही.

काकूला नमस्कार. स्टॅनदादाला सांगा की सोळा वर्षं त्यानं तुमची मान हळुवार बसवली याबद्दल मी त्याची ऋणी आहे. आणि त्याच दमात हेही सांगा की आता त्यानंही हात लावायचा नाही.

तुमच्या हिरव्या बाकावर सगळ्यांत आधी चढलेली आणि सगळ्यांत उशिरा शहाणी झालेली,
ब्रीना

ता. क. १: एवढं लांबलचक पत्र एका छोट्या विनंतीसाठी लिहिलं. येत्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी दहा वाजता मी तुमच्या नावानं इथे वेळ घेतली आहे. तुम्ही म्हणाल, "मी जर्मनीत दोन वर्षं बटाटे सोलले, त्याला कुणी सैनिक म्हणत नाही." इथे म्हणतात. मी कागदपत्रं तपासली. सैन्याच्या यादीत बटाट्यांचा उल्लेखही नाही.

ता. क. २: डॉ. टिबेट्स म्हणतात की कदाचित काहीच नसेल, नुसता हातांचा संधिवात असेल. तसं झालं तर तुम्ही मला नाताळापर्यंत चिडवा, मी वर बघणार नाही. तोवर मानेला कुणाचाही हात नको. तुमचा स्वतःचाही नको. सकाळी आरशासमोर तुम्ही काय करता ते मला माहीत आहे.

ता. क. ३: उत्तर फोनवर नको. कागदावर 'येतो' एवढंच लिहा, पण स्वतःच्या हातानं. माझ्या वाढदिवसाच्या कार्डावरची सही तुमची वाटली नाही. तेव्हा मला वाटलं, रागानं घाईत केली असेल. रागच असू दे, असं मी आता रोज म्हणते.

ता. क. ४: हे काकूसाठी. काकू, पत्र तूच वाचून दाखवत असणार, म्हणून इथे थांब आणि एवढं मनात वाच. नाताळचा फोटो मिळाला. काकांच्या शर्टाची सगळी बटणं अगदी सरळ लागली होती, गळ्याजवळचंसुद्धा. बघून मला इतकं बरं वाटलं की मी तो फोटो भिंतीला लावला. टिलमन यांना तपासल्यानंतर पुन्हा बघितला आणि भिंतीवरून काढून ठेवला. ती बटणं तू लावतेस ना? कधीपासून लावतेस ते विचारत नाही. मी हसत होते म्हणून तू मला सांगितलं नाहीस, हेही कळतं. फक्त त्या मंगळवारी लावू नकोस. त्यांना स्वतःला लावू दे, कितीही वेळ लागला तरी, आणि चुकली तरी तशीच राहू दे. तसंच गाडीत बसव आणि घेऊन ये. मी दारात उभी असेन, समोर.